खुब्याची शस्त्रक्रिया व पायांचे माप

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषय कोणता घ्यावा असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, आपला पाय." आम्ही ते प्रथम हसण्यावारी नेले. परंतु गेल्या दीड-दोन वर्षांत आपल्याच ज्ञातीतील चार कुटुंबांतून एकच प्रश्न आमच्याकडे आला आहे. खुब्याचा सांधा बदलला, दुखणे गेले, पण तो पाय लांब झाल्यासारखा वाटतो. आता काय करावे? तेव्हा चिटणिसांचे म्हणणे थट्टेचे नव्हते, हे ध्यानी आले.

आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक १९७५ साली झालो, पुढे शिक्षकाची पदविका घेतली आणि ३८ वर्षे मुलांना गणित व भूमिती शिकवली, एवढेच आमचे भांडवल. जे सांगणार आहोत ते स्वतःच्या देहावर शिकलेले, आणि ज्यांनी आम्हांस बरे केले त्यांना पुनःपुन्हा विचारून पक्के करून घेतलेले आहे. कोणीही केवळ आमच्या शब्दावर विसंबून आपल्या डॉक्टरांचा सल्ला मोडू नये, ही विनंती आरंभीच करून ठेवतो.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा वरचा गोल गड्डा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो, आणि दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते अस्तर झिजले म्हणजे हाडावर हाड घासू लागते. आमच्या डाव्या खुब्याचे हे घासणे सात-आठ वर्षे चालले होते. वाईस आमचे घर नदीपासून जवळ. घाटाच्या पायऱ्या हा आमचा रोजचा रस्ता, तो प्रथम सुटला. मग मांडी घालून बसणे सुटले. शेवटी डाव्या पायात मोजा चढवणेही आमच्या कुटुंबाच्या हाती गेले. अखेर २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यास शस्त्रक्रिया झाली.

योगायोग असा की, बरोबर ६० वर्षांपूर्वी, म्हणजे १९६२ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडातील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली या शस्त्रवैद्याने धातूचा गड्डा आणि पॉलिथिलीनची वाटी यांचा सांधा बसवण्यास प्रारंभ केला. त्याआधी त्याने टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती. ती भराभर झिजली आणि कित्येक रुग्णांवर त्यास पुन्हा शस्त्र धरावे लागले. दोन्ही पदार्थांचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्याने ते स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले होते. पुढे त्यास 'सर' ही पदवी मिळाली. स्वतःची चूक उघड्या डोळ्यांनी पाहून ती सुधारणाऱ्या माणसाच्या विद्येवर आज आम्ही उभे आहोत, म्हणून हे दोन शब्द.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून आम्हांस उभे करण्यात आले. उभे राहताच आमच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा पाय आपला नव्हे. डावा पाय जमिनीस आधी टेकतो आणि उजवा अधांतरी राहतो, असे वाटले. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असे समजून पाऊल टाकावे आणि आणखी एक पायरी निघावी, तशी उजव्या पायाची गत. दुखणे म्हणाल तर गेले होते; वर्षानुवर्षे रात्री ठणकणारा खुबा शांत झाला होता. तरी आम्हांस आनंद होईना. घरी आल्यावर भिंतीशी उभे राहून पाहिले, आरशात पाहिले. डाव्या बाजूस कंबर कललेली स्पष्ट दिसे.

घर म्हटले की सल्लागार आलेच. कोणी म्हणाले, सांधा मोठ्या मापाचा बसवला असणार. कोणी म्हणाले, घाई झाली. आमचे मेहुणे कोर्टकचेरीतले जाणकार. त्यांनी नोटिशीचा मसुदाच तयार करतो म्हणून सांगितले. पाश्चात्त्य देशांत अशा शस्त्रक्रियेनंतरच्या दाव्यांचे हे एक नेहमीचे कारण आहे, अशी माहितीही त्यांनी पुरवली, आणि ती खोटी नाही. आम्ही नोटीस दिली नाही. मात्र मनात जी अढी बसली ती खरी. ज्या डॉक्टरांनी आमचे दुखणे घालवले, त्यांचे नाव निघाले की आम्ही विषय बदलू लागलो.

त्याहून मोठी चूक आम्ही पाचव्या आठवड्यात केली. उजव्या जोड्याच्या टाचेखाली पाऊण इंच जाडीचा तुकडा बसवून घेतला. कोणास विचारले नाही. तो जोडा घालून उभे राहिलो आणि वाटले, जिंकली! दोन्ही पाय सारखे टेकले. आमच्या कुटुंबाने एवढेच विचारले, "डॉक्टरांना विचारलंत का?" आम्ही म्हणालो, "भूमिती आम्ही शिकवतो." पंधरा दिवसांत कंबर दुखू लागली. पायाची ओढ तशीच राहिली, आणि जोडा काढून घरात वावरताना पाय पूर्वीपेक्षाही लांब भासू लागला. संक्रांतीस हळदीकुंकवाला आलेल्या मंडळींसमोर उठून उभे राहावे लागेल म्हणून आम्ही आतल्या खोलीत बसून राहिलो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, तोही प्रकृतीचे कारण सांगून टाळला. इतकी वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस आपल्याच विद्यार्थ्यांपुढे चालावयास लाजला. हे सांगताना आजही संकोच वाटतो.

दहाव्या आठवड्यात तपासणीस गेलो. तेथील फिजिओथेरपिस्ट बाई आमच्या शेवटच्या तुकडीतील मुलींच्या वयाची. तिने प्रथम आमचा जोडा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "गुरुजी, हे गणित कुणी सोडवलं?" आम्ही गप्प. मग तिने आम्हांस मंचकावर उताणे निजवले, दोन्ही पाय सारख्या अंतरावर सरळ ठेवले आणि साधी शिवणकामाची फीत काढली.

हे माप दोन प्रकारे घेतात. ते नीट समजून घ्यावे, कारण सारे मर्म यातच आहे. पहिल्या मापात बेंबीपासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत फीत धरतात. दुसऱ्यात कमरेच्या पुढच्या बाजूस हाताला टोकदार हाड लागते, तेथून त्याच उंचवट्यापर्यंत. आमच्या पहिल्या मापात डावा पाय उजव्यापेक्षा एक इंच लांब भरला. आम्ही विजयी मुद्रेने चिरंजीवांकडे पाहिले. दुसऱ्या मापात मात्र फरक जेमतेम ६ मिलिमीटर. फितीने घेतलेल्या मापात थोडी चूक राहतेच, म्हणून डॉक्टरांनी कमरेचे क्ष-किरण छायाचित्र पुढे ठेवले. कमरेच्या हाडाच्या तळाशी आडवी रेघ मारून तिच्यापासून दोन्ही मांड्यांच्या हाडांवरील ठरावीक उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजले, तर तेच ६ मिलिमीटर. म्हणजे एक इंचातला बहुतांश पायाचा नव्हताच. तो कमरेचा होता.

ते असे. बेंबी हा मधला स्थिर बिंदू. कंबर एका अंगाला कलली तर त्या अंगाचा पाय खाली सरकतो आणि लांब भासतो. त्याच्या हाडांची लांबी तीळभरही बदललेली नसते. तराजूची दांडी कलली म्हणजे एक पारडे खाली जाते. त्याने साखळी लांबत नाही. कमरेच्या टोकापासून मोजले की हा कल मापातून गळून जातो आणि खरी लांबी उरते. डॉक्टरमंडळी पहिल्या फरकास भासमान व दुसऱ्यास खरा म्हणतात. इतकी वर्षे शाळेत मुलांना 'मोजण्याआधी आरंभबिंदू ठरवा' असे बजावणाऱ्या आम्हांस हे का सुचू नये, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

मग कंबर कलली का? झिजलेला सांधा वर्षानुवर्षे आखडलेल्या स्थितीत राहतो. कूर्चा झिजल्याने पाय किंचित आखूडही होतो, आणि भोवतालचे स्नायू त्या आखूड लांबीलाच सरावतात. शस्त्रक्रियेने पाय पूर्ववत लांबीवर आणला म्हणजे हे आखडलेले स्नायू, विशेषतः नितंबाच्या बाहेरील बाजूचे, ताणले जातात आणि कमरेस आपल्या अंगाला खाली ओढतात. पाठीचा कणाही म्हातारपणी ताठर झालेला. तो हा कल चटकन सावरून घेत नाही. शिवाय मेंदूला जुन्या पायाची सवय. या सर्वांचा मिळून हा भास होतो. व्यायामाने स्नायू सैल व बळकट होतात तसतसा तो ओसरतो. बहुतेकांच्या बाबतीत यास तीन ते सहा महिने लागतात.

आमच्या टाचेचा तुकडा अपायकारक का ठरला, हेही आता उमगेल. उजवी टाच उचलून आम्ही कललेल्या कमरेस तशीच कललेली राहण्याची सोय करून दिली. ज्या स्नायूंनी ताणले जावयाचे, त्यांना सुट्टी मिळाली. म्हणूनच पहिले काही महिने, खरा फरक फार मोठा असल्याचे डॉक्टरांनीच सांगितले नसेल तर, जोड्याखाली काही घालू नये. बाईने तो तुकडा तेथल्या तेथे उचकटून काढला आणि आमच्या हाती दिला. आजही तो आमच्या मेजाच्या खणात आहे.

राहिलेल्या ६ मिलिमीटरांविषयी आम्ही डॉक्टरांना सरळ विचारले. त्यांनी रागावता उत्तर दिले नाही, उलट बाजेचे उदाहरण घेतले. बाजेची सुंभ सैल विणली तर माणूस खाली जातो. तसेच भोवतालचे स्नायू सैल राहिले तर नव्या सांध्याचा गड्डा वाटीतून निसटण्याचे भय असते. शस्त्रक्रिया चालू असताना सांधा हलवून, ओढून हा ताण पाहतात, आणि काही वेळा पक्केपणासाठी काही मिलिमीटर लांबी पत्करतात. पाय लांब असणे आणि सांधा निखळणे यांत पहिले बरे. आधी छायाचित्रावर आखणी केलेली असते, तरी मिलिमीटरपर्यंत बरोबरी साधेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. निरोगी माणसांतही पायांत थोडासा फरक पुष्कळांच्या असतो, आणि सेंटिमीटरभरापर्यंतचा फरक बहुधा जाणवतही नाही. हे सारे शस्त्रक्रियेपूर्वी आम्हांस सांगितले असते तर आमचे दोन महिने वाचले असते, असे आम्ही म्हणालो. ते म्हणाले, "सांगितले होते, आपण खर्चाचे विचारत होता." ते खरे असावे.

वाईस परतल्यावर आमच्या टेलरांकडे विजार दुरुस्तीस टाकली. गृहस्थ जुने, मापांची वही जपून ठेवणारे. त्यांनी पाने उलटून दाखवले: २०१२ साली आमचे दोन्ही पाय सारखे, आणि २०१९ साली डावा अर्धा इंच कमी. शिवणाऱ्याच्या मापात कमरेचा कल मिसळलेला असतो, हे कबूल. तरी अर्थ उघड होता. पाय लांब झाला नव्हता. तो हरवलेला परत आला होता, आणि आम्ही त्यास ओळखले नव्हते.

यानंतरचा व्यायाम कंटाळवाणा आहे, त्याचा विस्तार करीत नाही. निजताना गुडघ्याखाली उशी घ्यावयाची नाही, कारण तिने खुबा वाकलेलाच राहतो. काठी शस्त्रक्रिया झालेल्या बाजूस नव्हे, तर विरुद्ध हातात धरावयाची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. एका युक्तीविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. घरातला एक आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेला एक असे दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवावे आणि एकेका काट्यावर एकेक पाय देऊन, आधारास खुर्चीची पाठ जवळ ठेवून, उभे राहावे. आमचे वजन तेव्हा ६४ किलो. पहिल्या दिवशी डोळे मिटून आम्ही अगदी सारखे उभे राहिलो असे आमच्या मनाने सांगितले. काटे पाहिले तर डाव्यावर २३ आणि उजव्यावर ४१! रोज सकाळी हा पाठ चाले आणि आमचे कुटुंब आकडे पंचांगाच्या मागील कोऱ्या पानावर टिपून ठेवी. पाचव्या आठवड्यात ३१ आणि ३३ झाले. त्या दिवशी तिने शिरा केला.

पाय सारखे असूनही माणूस लंगडतो, त्याचे आणखी एक कारण असते. नितंबाचा स्नायू दुबळा असला तर त्या पायावर भार देताच कंबर विरुद्ध बाजूस खचते. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ख या जर्मन शस्त्रवैद्याने १८९५ साली ही खूण नोंदवून ठेवली आहे. लोक अशा लंगडण्यास पायाची लांबी जबाबदार धरतात, आणि दोष असतो बळाचा.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८३ साली आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. प्रार्थनेच्या रांगेत तो नेहमी एका अंगाला झुकून उभा राही. 'सरळ उभा राहा' म्हणून आम्ही त्यास दोन वेळा टोकले, आणि तिसऱ्या वेळी पट्टीने पोटरीवर मारले. तो सरळ झाला. क्षणभरच, कारण एक टाच उचलून धरल्याशिवाय त्यास सरळ होताच येत नव्हते. मधल्या सुट्टीत त्याची वहाण दाराशी पडलेली दिसली. आत वर्तमानपत्राची घडी घालून बसवलेली होती. पोलिओने त्याचा पाय आखूड राहिला होता आणि आम्ही चार महिने त्यास शिकवीत होतो. आता तो रोग आपल्या देशातून गेला. २०११ नंतर नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा येथला रोगी आढळला नाही आणि २०१४ साली तसा दाखला मिळाला. तो मुलगा पुढे कोठे गेला ते आम्हांस कळले नाही. वजनकाट्यांवर उभे राहताना कित्येक सकाळी आमच्या डोळ्यांपुढे ती कागदाची घडी येई.

त्याच घडीवरून दुसऱ्या बाजूकडे वळतो. आमचे भाषण ऐकून कोणी असे समजू नये की लांबीची तक्रार हा सारा मनाचा खेळ. आमच्या नात्यातील एका आत्याबाईंची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यांचा उजवा खुबा बदलला. पाय लांब वाटतो असे त्या सांगत, आणि घरची मंडळी 'सवय होईल' म्हणत. आमचे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी: गुरुजींचेही तसेच झाले होते! वर्ष लोटले. आत्याबाईंनी बोलणेच सोडले आणि गुडघा वाकवून चालू लागल्या. आम्हीच त्यांना घेऊन गेलो, कारण आमच्या नावाने त्यांचे तोंड बंद झाले होते. मोजले तर कमरेच्या टोकापासूनचा फरक २ सेंटिमीटर, छायाचित्रातही तोच. उभे राहून डाव्या पायाखाली एकेक पातळ फळी सरकवीत गेले, तेव्हा कंबर समतल झाली आणि आत्याबाई म्हणाल्या, "हं, आता जमीन लागली." हा फरक खरा होता आणि त्यास उंचीची टाचच हवी होती. सगळा फरक एकदम भरून काढला नाही. प्रथम निम्म्याहून थोडा अधिक, तोही टप्प्याटप्प्याने. सेंटिमीटरभर उंची जोड्याच्या आत मावते, त्याहून अधिक असेल तर तळव्यास बाहेरून जोडावी लागते.

पण एक अडचण उद्भवली, जी विलायतेत उद्भवत नाही. आपल्या घरात आपण अनवाणी वावरतो. बाहेर घटकाभर घातलेल्या जोड्याचा, दिवसभर स्वयंपाकघरात अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईस काय उपयोग? आत्याबाई स्वयंपाकघरात पायात काही घालीनात. देवघर शेजारीच. पुष्कळ समजावले. शेवटी त्यांच्या सुनेने कापडी चढाव आणले, डाव्यात उंची बसवली आणि ते फक्त घरातच वापरावयाचे, रस्त्यास कधी लावावयाचे नाहीत, असा नेम केला. तो त्यांना पटला. चढाव दर शनिवारी धुतले जातात.

तेव्हा तीन महिन्यांपर्यंत धीर धरावा आणि व्यायाम करावा. त्यानंतर लांबी जाणवतच असेल तर दोन्ही मापे व छायाचित्र मागून घ्यावे. मागण्यात संकोच नको. मात्र काही गोष्टींस एक दिवसाचाही धीर नको. अकस्मात असह्य कळ येऊन पाय आखूड वा वळलेला दिसणे, पाऊल वर उचलता न येणे, पोटरी सुजून दुखणे, जखमेतून पाणी येणे वा ताप भरणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यास आम्ही गेलो. चाळीस-बेचाळीस वर्षांचे झालेले विद्यार्थी पायऱ्यांशी हात देण्यास धावले. एकाने तर पूर्वी आम्ही त्यास ओणवे उभे केले होते त्याची आठवण काढून 'गुरुजी, आता तुम्हांला ओणवे होण्याची मनाई ना?' असे विचारले. आहे. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे आमच्या डॉक्टरांनी आम्हांस मना केले आहे. म्हणून आज पंगतीत आम्हांस पाटाऐवजी मेज मिळावे, अशी विनंती भोजनव्यवस्थेच्या मंडळींस करतो. आत्याबाई आज सभागृहात तिसऱ्या रांगेत आहेत, त्यांच्यासाठीही एक असावे.

कोणास प्रश्न विचारावयाचे असल्यास जरूर विचारावेत. उत्तरे मात्र आम्ही उभ्यानेच देऊ, कारण व्यासपीठावरील ही खुर्ची फारच ठेंगणी आहे.